बाहेरून लागणारी कडी

सोमवार, ४ तारीख

आज मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शाळेत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखतच नाही. म्हणाल्या, "तुम्हाला जिथेतिथे खोट दिसते. खुर्ची डुगडुगते, नळ गळतो, फळा तिरका आहे. सत्तावीस वर्षं ऐकतेय मी. आता या सवयीचा शाळेला काही उपयोग होऊ द्या. आजपासून मुलांच्या सुरक्षिततेचं काम तुमच्याकडे."

रागवावं की हसावं ते कळेना. पण ऑफिसातून बाहेर पडले तेव्हा चालताना मान जरा ताठच होती, हे इथे कबूल करायला हरकत नाही. तिसरीचा वर्ग मी कुणाच्याही मदतीशिवाय सांभाळते, आता अख्खी शाळा सांभाळेन.

शाळा सुटल्यावर वही घेऊन सगळीकडे फिरले. एकूण एक्केचाळीस गोष्टी निघाल्या. चौथीच्या बाकाचा वर आलेला खिळा. फाटकाची टोकदार सळई. पाण्याच्या टाकीवरचं हलणारं झाकण. सगळ्यात वाईट म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे फरशी धुवायचं ॲसिड, फिनेल, मोडक्या खुर्च्यांचा डोंगर, आणि दाराला साधी कडीसुद्धा नाही. मुलं लपाछपी खेळताना तिथे शिरतात म्हणे!

घरी आल्यावर यांना यादी वाचून दाखवली. हे म्हणाले, "शाळेत एक्केचाळीस सापडल्या का? म्हणजे आता माझ्यातल्या मोजायला तुला वेळ मिळणार नाही."

अहवालाची वही मोठ्या बाईंकडे जाईल. ही वही माझी. तिथे जे शोभणार नाही ते इथे.

बुधवार, ६ तारीख

खिळा ठोकला. सळई कापली. झाकणाला कुलूप.

आजपासून फाटकावर पिवळी कार्डं सुरू केली. ज्याच्या हातात कार्ड, त्याच्याच हातात मूल. पहिल्याच दिवशी एक आजोबा कार्डाशिवाय आले. आम्ही ओळखतो त्यांना, रोज येतात. तरी मी म्हटलं, "कार्ड आणा."

"अहो, हा माझा नातू आहे! माझं नाक बघा, त्याचं नाक बघा!"

"नाक दोघांचं सुंदर आहे. कार्ड आणा."

बिचारे तणतणत घरी गेले आणि कार्ड घेऊन घामाघूम होऊन आले. नातू तोवर माझ्याशेजारी उभा राहून खो खो हसत होता. मोठ्या बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांचा चेहरा मला वाचता येतो.

रविवार, १० तारीख

जिन्याखालच्या खोलीचं काम झालं. ह्यांनी आयुष्यभर हार्डवेअरचं दुकान चालवलंय, तेव्हा दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं? सकाळी दोघं शाळेत गेलो. ह्यांनी स्वतः निवडून आणलेली जाड स्टीलची कडी दाराच्या बाहेरून, उंचावर बसवली. मुलांचा हात पोचणार नाही अशी. ओढली की खणकन आवाज येतो, ऐकूनच बरं वाटतं.

हे स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "आत कोणी असताना बाहेरून लागली तर?"

"आत कोणी जाऊच नये म्हणून तर कडी लावतोय ना!"

"तेही खरं," म्हणाले, आणि हात पुसले. पण घरी येईपर्यंत गप्पच होते. ऊन लागलं असेल.

यादीतल्या अडतीस गोष्टी संपल्या. सहा दिवसांत.

गुरुवार, १४ तारीख

आज दुसरीच्या वर्गावर सुरक्षिततेचा तास घेतला. दुसरीचा वर्ग गणितबाईंचा. शाळेतली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण. चारही वर्गांना गणित तीच शिकवते. तिच्या हाताखालून गेलेलं मूल पाढ्यात अडखळलेलं कुणी बघितलेलं नाही. वर्ग तर इतका शिस्तीचा, की मी शिरले तेव्हा चाळीस मुलं चिडीचूप. माझ्या तिसरीतली माकडं आठवून मला लाजच वाटली.

गॅस, वीज, रस्ता, अनोळखी माणूस, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? कुणीच हात वर करेना. मग भिंगरीने केला. ही सात वर्षांची मुलगी गेल्या वर्षी पहिलीत होती तेव्हा एका जागी उभी राहायची नाही, सारखी गोल गोल फिरायची, म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले आणि मग सगळी शाळाच म्हणू लागली. यंदा शांत झाली आहे. वाढतं वय.

तिने विचारलं, "बाई, जिन्याखालच्या खोलीची कडी आतून उघडता येते का?"

मी म्हटलं, "नाही. बाहेरूनच."

"आणि दिव्याचं बटण बाहेर का आहे?"

काय प्रश्न! मोठ्या माणसाला सुचणार नाहीत असे. मी सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. शिक्षकांच्या खोलीत गणितबाईंनाही मुद्दाम सांगितलं, "तुझ्या वर्गातल्या भिंगरीचं लक्ष बघ किती. कडीबद्दल विचारत होती मला."

गणितबाई वह्या तपासत होत्या. लाल पेन थांबलं. "काय विचारलं तिने?" मी सांगितलं. म्हणाल्या, "हं. तोंड फार चालतं तिचं."

मुलांचं कौतुक करण्यात ती पहिल्यापासून जरा हात राखूनच असते.

मंगळवार, १९ तारीख

आगीची तालीम घेतली. घंटा वाजल्यापासून अख्खी शाळा मैदानात यायला चार मिनिटं दहा सेकंद. दुसरीचा वर्ग पहिला. रांगेत, हाताची घडी, ओठ मिटलेले. माझी तिसरी शेवटची, आणि त्यातही दोघं डबा घेऊन आली, कारण म्हणे आगीत डबा जळाला तर खाणार काय.

दुसरीतल्या एका मुलीची मात्र घंटेच्या आवाजाने चड्डी ओली झाली. मावशींनी, म्हणजे शाळेची साफसफाई बघतात त्यांनी, तिला कपडे बदलून दिले. तालमीआधी मुलांना थोडी कल्पना द्यायला हवी होती. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं.

शुक्रवार, २२ तारीख

मावशी आज माझ्या वर्गाच्या दाराशी घुटमळत होत्या. "काय हो?" म्हटलं तर म्हणाल्या, "बाई, ती नवी कडी फार वाजते. दिवसातून दोनतीनदा वाजते."

"मग तेल घाला की."

"मी सकाळी एकदाच उघडते ती खोली. बादल्या काढायला."

मला वाटलं, काम वाढल्याची कुरकुर चाललीय. जाऊन बघितलं तर खोलीत एक रिबीन पडलेली, आणि अर्धी पेन्सिल. मी चिडले. म्हणजे दार उघडं टाकतात आणि मुलं शिरतात! चांगलं झापलं. एवढी मेहनत घेऊन कडी लावायची आणि यांनी ती लावायचीच नाही?

मावशींनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग म्हणाल्या, "बरं, बाई."

मोठ्या आवाजात बोलायला नको होतं, हे आता वाटतंय. पण नियम तो नियम.

सोमवार, २५ तारीख

आज मनाला लागलं.

भिंगरीची आई भेटायला आली. कपडे शिवते. बोटांना सुयांचे टोचे, शब्द मोजून बोलणारी बाई. म्हणाली, "बाई, तुम्ही मुलांना काही भीतीचं सांगितलंत का हो? दोन आठवडे झाले, ही न्हाणीघराचं दार लावूच देत नाही. मी आत असले तरी बाहेर उभी राहून हाका मारते, आई, तुला उघडता येतंय ना?"

माझाच तास! आग, वीज, अनोळखी माणसं, एका दमात इतकं सगळं सात वर्षांच्या पोरांवर ओतलं मी. आईची माफी मागितली. तिने ती घेतली, पण समाधान झालं नसावं. उठताना म्हणाली, "पाढे मात्र झोपेतसुद्धा म्हणते."

गणितबाईंना विचारलं, वर्गात कशी असते? म्हणाल्या, "घरचे लाड. दुसरं काय?"

पुढचे तास गोष्टी सांगून घेणार. घाबरवून कोणी सुरक्षित होत नाही.

बुधवार, २७ तारीख

जिन्याखालच्या खोलीत भिंगरी होती. कडी लागलेली होती.

आज लिहवत नाही.

गुरुवार, २८ तारीख

लिहायला हवं. जसं झालं तसं.

काल तिसऱ्या तासाला मी मोकळी होते. महिना संपत आला म्हणून दुसरी फेरी काढली. हातात यादी. जिन्यापाशी आले तर आतून बारीक आवाज येत होता. आधी वाटलं रेडिओ. मग शब्द कळले. सात एके सात, सात दुणे चौदा.

मी कडी ओढली. खणकन वाजली. आतला आवाज एकदम थांबला.

उलट्या बादलीवर ती बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. शेजारी, हातभर अंतरावर, ॲसिडची बाटली. दिवा बंद. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, अजून झालं नाही. वीस वेळा म्हणायचाय. अकराच झालेत."

मी तिला उचललं. सात वर्षांचं मूल जड असतं, मला ते काल कळलंच नाही. मागच्या पायऱ्यांवर उन्हात जाऊन बसलो. मी काही विचारलं नाही. तीच बोलायला लागली, आधी थोडं, मग धबधबा. पाढा चुकला की खोली. बोललं की खोली. तालमीच्या दिवशी जिची चड्डी ओली झाली ती त्याच सकाळी आत होती. आणखी तिघंजण. "आधी बाई नुसतं दार लोटायच्या. मग आम्ही हळूच फट करून बसायचो, उजेड यायचा. आता कडी आहे ना."

मी विचारलं, "बाळा, कुणाला सांगितलं का नाहीस गं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मी सोपं गणित चुकले होते.

"तुम्हाला विचारलं होतं ना मी. सगळ्यांसमोर. तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या."

त्या दिवशी टाळ्या संपल्यावर, पुढच्या तासाला, तिला पहिल्यांदा पूर्ण तासभर आत ठेवलं होतं.

मी तिला सॉरी म्हटलं. मला दुसरं काही आलं नाही. ती म्हणाली, "ठीक आहे, बाई," आणि माझ्या हातावर थोपटलं. तिने, मला.

ती आणि बाकीची चौघं दिवसभर माझ्या वर्गात बसली. तिची आई आली तेव्हा मला सांगता आलं तेवढं सांगितलं. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि गेली.

गणितबाई शिक्षकांच्या खोलीत भेटली. या वहीत तिला मानाने लिहीत आले, पण आमच्यात अगं-तुगं आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर हिने मला डबा पोचवला. माझ्या लेकीला दहावीचं गणित हिने शिकवलं. मी म्हटलं, "अगं, काय केलंस हे?"

"पाचदहा मिनिटं गं. मारत नाही मी कुणाला. तू बघतेस ना माझ्या वर्गाची शिस्त? ती काय आकाशातून पडते? तूच सगळ्यांना सांगत फिरतेस, दुसरीच्या वर्गाकडे बघा म्हणून."

"तिथे ॲसिड आहे!"

"आणि कडी कोणी लावली?" ती म्हणाली.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तिला मी आजच वर्गावरून काढते. पण पालकांत बोभाटा नको. शाळेला पस्तीस वर्षं झाली. एका खोलीसाठी सगळ्यावर पाणी नको पडायला. आपण आतल्या आत मिटवू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. हे मला आज सगळ्यात जास्त बोचतंय.

शुक्रवार, २९ तारीख

शाळा भरायच्या आत ह्यांनी येऊन कडी काढली. चार स्क्रू, चार मिनिटं. ॲसिड आणि फिनेल ऑफिसातल्या कुलपाच्या कपाटात. दारच बिजागरीतून उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. मीच म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत." तर म्हणाले, "विचारलं, पण तुझं उत्तर पटलं नव्हतं तरी लावलीच ना. म्हणजे अर्धी माझी."

मावशींना शोधून काढलं. मधल्या चौकात फरशी पुसत होत्या. म्हटलं, "मावशी, मी तुमच्यावर ओरडले. माझं चुकलं. तुम्ही मला सांगायला आला होतात."

त्यांनी फडकं पिळलं. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

"मला? कसं ठाऊक असेल?"

"कडी तुम्हीच लावलीत ना, बाई. मला वाटलं, त्यासाठीच लावली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही तसंच वाटलं. म्हणून तर कोणी बोललं नाही. मी आपली आवाजाचं निमित्त करून बघितलं, तुम्ही काय म्हणता."

मी तिथेच पायरीवर बसले. मावशींनी पाणी आणून दिलं.

मी महिनाभर शाळेत छाती काढून फिरत होते, आणि सगळी शाळा समजत होती की पोरांना कोंडायची सोय बाईंनी केली.

आतल्या आत मिटवणार नाही. ठरलं.

सोमवार, २ तारीख

मोठ्या बाईंकडे दोन कागद घेऊन गेले. पहिल्यात माझी चूक: कडी मी लावली, मूल विचारत होतं तेव्हा मी ऐकलं नाही, सांगायला आलेल्या बाईला मी झापलं. दुसऱ्यात पाच मुलांनी स्वतः सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत.

म्हटलं, "बाई, पालकांना तुम्ही बोलवा. नाही बोलावलंत तर मी घरोघर जाईन. तुमच्यावर रुसून नाही. पण जाईन."

त्यांनी चष्मा काढला. दोन्ही कागद वाचले. पहिला परत वाचला. "तुमची नोकरी जाऊ शकते, माहीत आहे?"

"आहे."

"माझीही."

"तेही माहीत आहे. म्हणून तर शुक्रवारपासून जेवण जात नाही."

त्या हसल्या नाहीत, पण फोन उचलला. आधी शिक्षण कार्यालयाला लावला, आणि मी समोर बसलेली असताना, एकही शब्द मऊ न करता, सगळं सांगितलं. मग कारकुनाला हाक मारली, "बुधवारी संध्याकाळी पाच वाजता. सगळे पालक. विषय स्पष्ट लिहा."

या बाईंच्या हाताखाली मी इतकी वर्षं काम केलंय. आज पहिल्यांदा वाटलं, नशीब काढलं मी.

बुधवार, ४ तारीख

झाली सभा.

हॉल भरला, बाहेर व्हरांड्यातही माणसं उभी. मोठ्या बाईंनी आधी शाळेच्या वतीने सगळं सांगितलं: काय घडलं, कुणी केलं, गणितबाई निलंबित आहेत, चौकशी बाहेरचे लोक करणार, मुलांशी बोलायला उद्यापासून एक डॉक्टर येणार. मग मी उठले. कागद खाली ठेवला आणि तोंडीच सांगितलं. कडीचं, टाळ्यांचं, मावशींचं. कुणीतरी पुढे पाण्याचा पेला सरकवला.

मग जे व्हायचं ते झालं. एक बाबा खुर्चीवरून उठून ओरडले, "माझी मुलगी अंधाराला घाबरते म्हणून मी तिला रागवत होतो! महिनाभर! ते कोण भरून देणार?" त्यांना कुणी गप्प केलं नाही. बरं झालं. एक आई हुंदके देत होती. पिवळ्या कार्डावाले आजोबा काठी आपटून म्हणाले, "मला फाटकावर अडवत होतात आणि चोर घरात!" अगदी बरोबर बोलले.

एकांनी मागणी केली, की माझ्याकडून सुरक्षिततेचं काम काढून घ्यावं. मी म्हटलं, "ते मी स्वतःच सोडायला आलेय."

तेव्हा मागून भिंगरीची आई उठली. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नव्हती. म्हणाली, "मला राग आहे. जाणार नाही इतक्यात. पण पोरीने घरी येऊन पहिलं वाक्य काय सांगितलं माहितेय? कोंडलं हे नाही. म्हणाली, आई, बाई मला सॉरी म्हणाल्या. ह्या बाईंना काढाल, तर त्यांच्या जागी कुणाला आणाल? ज्यांची कधी चूकच झाली नाही, त्यांना? त्यांचा तर मला जास्त धाक वाटेल." आणि माझ्याकडे वळून, "काम सोडून सुटू नका, बाई. नीट करा."

मग मावशी, व्हरांड्यातून, "नीट करतील," म्हणाल्या. पालकांच्या सभेत मावशी बोलल्याचं मला आठवत नाही.

आज वाईट काही कमी झालं नाही. पाच मुलांना जे झालं ते झालंच. पण आमची शाळा भरल्या हॉलमध्ये उभी राहून खरं बोलली. मी त्या शाळेतली आहे.

सोमवार, ९ तारीख

यादी मी करायची नाही असं ठरवलं. आज दुसरीला घेऊन फिरले आणि म्हटलं, तुम्ही दाखवा. बाराच गोष्टी सांगितल्या, पण माझ्या एक्केचाळिसात त्यातली एकही नव्हती. शौचालयाची कडी लागत नाही, दार दाबून धरावं लागतं. खेळाच्या सरांची शिट्टी कानाजवळ वाजते. चौथीतली मुलं जिन्यात रस्ता अडवतात आणि "टोल दे" म्हणतात. एक मुलगी म्हणाली, "मला घ्यायला येणारे काका आवडत नाहीत." का, विचारलं, तर घाईत गाडी दामटतात. तिच्या आईला लगेच फोन केला. आणि सगळ्यांनी मिळून: बाई रागावल्या की आम्हाला पोटात दुखतं.

"मी पण?"

"तुम्ही पण," भिंगरी म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून, "थोडंसंच."

शनिवार, १४ तारीख

दुपारी गणितबाई घरी आली. ह्यांनी दार उघडलं. मी तिला आत घेतलं. दारातून परत पाठवायला माझं मन झालं नाही, पण चहा ठेवायलाही झालं नाही.

चौकशीचा निकाल यायचाय. लहान मुलांवर तिला पुन्हा नेमणार नाहीत, हे तिला कळलंय. वाळली आहे. म्हणाली, "मुलं कशी आहेत?"

"पाढे विसरलेली नाहीत," मी म्हटलं. "पण म्हणताना दाराकडे बघतात."

तिने तोंड ओंजळीत धरलं. "मला वाटायचं, मी घडवतेय त्यांना. शपथ."

"माझा विश्वास आहे. मलाही वाटत होतं, मी जपतेय."

"मग तुला कसं माफ केलं त्यांनी?"

"केलं की नाही, ठाऊक नाही. मी मागितली, एवढंच." तिनेही माफी लिहून द्यावी, मुलांच्या नावाने, स्वतःच्या अक्षरात, असं सुचवलं. निकालाला उपयोग व्हावा म्हणून नाही. ती म्हणाली, बघते. पाठवेल की नाही, सांगता येत नाही. ती गेल्यावर मी खूप रडले. मैत्रीण होती माझी. अजूनही आहे बहुतेक. फक्त तिच्या वर्गात मी माझं मूल ठेवणार नाही.

शुक्रवार, २० तारीख

आज शाळा सुटताना धांदल होती. व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता, आणि पहिलीतलं एक पिटुकलं पोर जमिनीवर बसून बुटाची नाडी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची, असं निवांत करत बसलेलं. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि ओढतच फाटकाकडे न्यायला लागले.

मागून आवाज आला. "बाई!"

बघते तर पहिलीतलीच एक मुलगी. नवीन आहे, महिनाही झाला नाही. दप्तर तिच्याहून मोठं. फाटकाशी पालक उभे, मोठ्या बाई उभ्या, खेळाचे सर उभे, आणि ही रस्त्यात कंबरेवर हात ठेवून.

"त्याला दुखतंय. सोडा."

खेळाचे सर म्हणाले, "ए, बाईंशी असं बोलतात का?"

ती घाबरली. पण हटली नाही. पुन्हा म्हणाली, आता जरा हळू, "दुखतंय त्याला. बाई, सोडा ना."

मी हात सोडला. त्या पोराच्या दंडावर माझी चार बोटं लाल उमटली होती. मी खाली बसले आणि त्याला म्हटलं, "चुकलं माझं. चल, मी नाडी बांधते, मग सावकाश जाऊ." व्हॅनवाल्याला हाताने थांब म्हटलं. थांबला. काही बिघडलं नाही.

वर बघितलं तेव्हा ती मुलगी निघून गेली होती. तिच्या बाबांच्या हाताला लोंबकळत, उड्या मारत, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बडबडत. तिच्या लेखी विषय संपला होता.

शिक्षकांच्या खोलीत सर म्हणाले, "पोरं फार शेफारायला लागलीत, बाई."

मी म्हटलं, "हो. आणि त्यात माझाही थोडा हात आहे."

घरी येऊन यांना हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "तुला सगळ्यांसमोर ओरडा बसला, आणि तू अशी सांगतेयस जसं तुला बक्षीस मिळालं."

मी म्हटलं, "अहो, मग दुसरं काय मिळालं?"